तगराचा स्थलनिश्चय : अंश, दिशा व मजल यांच्या साक्षीची फेरतपासणी

तगर हें दक्षिणापथांतील एक अतिप्राचीन व्यापारी नगर. शिलाहारांच्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ हें बिरुद वारंवार येतें, आणि ग्रीक भाषेंतील दोन ग्रंथांत ह्या नगराचा नांवानिशीं उल्लेख आहे. तें कोठें होतें ह्या प्रश्नाचा काथ्याकूट इ. स. १७८८ पासून, म्हणजे ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडांत लेफ्टनंट विल्फर्ड यांनीं त्यावर टिपण छापलें तेव्हांपासून, चालत आला. विल्फर्ड यांनीं तें देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस ठरविलें, कर्नल यूल यांनीं गुलबर्ग्यास, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नरास, डॉ. रामकृष्णपंत भांडारकर यांनीं निजामच्या राज्यांतील धारूराकडे बोट दाखविलें. डॉ. फ्लीट यांचें मत प्रथम कोल्हापूरकडे होतें. पुढें इ. स. १९०१ मध्यें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं तें बदललें व तगर म्हणजे तेर असें प्रतिपादन केलें. तेर हें त्या वेळीं निजामच्या राज्यांत होतें. हल्लीं तें धाराशिव जिल्ह्यांत मोडतें. हा निर्णय आज सर्वमान्य झाला आहे व आम्हांसहि तो मान्य आहे.

मग आतां पुन्हां हा विषय कां काढावा, असें वाचक विचारतील. कारण एवढेंच कीं, निर्णय बरोबर असणें निराळें आणि त्याला लावलेलीं प्रमाणें बरोबर असणें निराळें. तेरच्या बाजूनें बोलतांना टॉलेमीचे अक्षांश-रेखांश, पेरिप्लसमधील दिशा आणि दिवसांच्या मजला हीं तिन्ही प्रमाणें एका माळेंत ओंवून पुढें करण्याची चाल पडली आहे. जणू काय तिघेहि साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत. वस्तुस्थिति तशी नाहीं. तिघांचे जबाब वेगळे काढून तपासले तर पहिला साक्षीदार बाद करावा लागतो, दुसरा अर्धवट बोलतो आणि तिसरा कांहीं उमेदवार गाळून बाजूला होतो. ही तपासणी आजवर कोणीं केलीच नाहीं असा आमचा दावा नाहीं. पण आंकडे मांडून ती केल्याशिवाय टॉलेमीच्या यादींतील इतर गांवांचे स्थलनिश्चय ज्या बेफिकिरीनें होतात, ती थांबणार नाहीं.

प्रथम पेरिप्लस पाहूं. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हा इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याचा ग्रंथ. त्याच्या एकावन्नाव्या कलमांत दक्षिणापथांतील दोन सर्वप्रसिद्ध पेठा सांगितल्या आहेत. बॅरिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, वीस दिवसांच्या वाटेवर दक्षिणेस पैठण. आणि पैठणपासून सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर पूर्वेस तगर नांवाचें दुसरें मोठें शहर. ह्या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांवर घालून, मोठमोठे बिकट प्रदेश ओलांडून भडोचेस आणीत. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड येत. तगराहून साधें कापड व नाना तऱ्हेची मलमल, शिवाय समुद्रकांठच्या प्रदेशांतून तेथें आलेला इतर माल. मजकूर एवढाच. लेखक स्वतः देशावर गेलेला दिसत नाहीं. त्यानें जें लिहिलें तें भडोचच्या बंदरांत बसून, गाडीवानांच्या व दलालांच्या तोंडून ऐकून लिहिलें. ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरेल.

दुसरा ग्रंथ टॉलेमीचा भूगोल, इ. स. १५० च्या सुमाराचा. त्याच्या सातव्या पुस्तकांत हिंदुस्थानांतील गांवांची यादी असून प्रत्येकापुढें रेखांश व अक्षांश घातले आहेत. आपल्या कामाचे आंकडे असे : बॅरिगाझा, रेखांश ११३ अंश १५ कला, अक्षांश १७ अंश २० कला. नासिक, ११४ व १७. ओझीनी, म्हणजे उज्जयिनी, ११७ व २०. बैठण, म्हणजे पैठण, रेखांश ११७ व अक्षांश पाठपरत्वें १८ अंश १० कला किंवा १८ अंश ३० कला. तगर, रेखांश ११८, अक्षांश १९ अंश २० कला. रेखांश मोजले आहेत ते पश्चिमेकडील ‘सुखी बेटां’पासून, म्हणजे हल्लींच्या कॅनरी बेटांपासून.

हे आंकडे पाहिले कीं संशोधकाच्या मनाला मोठा धीर येतो. अंश आहेत, कला आहेत; आतां नकाशावर रेघा ओढल्या कीं तगर हातीं लागलेंच! हा धीर फसवा आहे. मूळ ग्रीक ग्रंथांत कला मुळीं नाहींतच. तेथें अंशाचे अपूर्णांक अक्षरांनीं लिहिलेले आहेत, जसे एक-तृतीयांश, एक-षष्ठांश, अर्धा. त्यांचें ‘वीस कला’, ‘दहा कला’ असें रूपांतर आधुनिक भाषांतरकारांनीं केलें. एक-षष्ठांशाचें चिन्ह अर्ध्याच्या चिन्हांत बदलावयास नकलनविसाच्या लेखणीचा एक फटकारा पुरेसा होता. बैठणच्या अक्षांशाचे दोन पाठ आले त्यांतील इंगित बहुधा हेंच असावें.

पण पाठभेद ही बाब किरकोळ आहे. खरा प्रश्न असा कीं, हे अंश आले कोठून? टॉलेमी स्वतः पहिल्या पुस्तकांत कबूल करतो कीं, आकाशाच्या वेधानें ठरलेलीं स्थळें फार थोडीं. बाकीचीं प्रवाशांच्या सांगण्यावरून बसविलीं आहेत. रेखांशाच्या बाबतींत तर वेधाचें एकच ठळक उदाहरण त्याच्यापाशीं होतें. इ. स. पूर्वीं ३३१ चें चंद्रग्रहण आर्बेला येथें पांचव्या तासाला व कार्थेज येथें दुसऱ्या तासाला दिसलें, ही ती नोंद. तीन तास म्हणजे पंचेचाळीस अंश. खरें अंतर सुमारें चौतीस अंश. एका चुकलेल्या तासिकेनें केवढा घोटाळा होतो तें ह्यावरून दिसेल. भूमध्य समुद्राची लांबी त्यानें बेचाळीसऐवजीं बासष्ट अंश धरली, ती अशाच कारणांनीं. पृथ्वीच्या एका अंशाचें अंतरहि त्यानें एराटोस्थेनीसच्या सातशें स्टेडिअमऐवजीं पांचशें धरलें. त्यामुळें मजलांचे अंश करतांना ते फुगत गेले. ह्या सर्वांचा परिणाम भडोचेवर दिसतो. कॅनरी बेटांपासून भडोच वास्तविक एक्याण्णव अंशांच्या आसपास आहे. टॉलेमीनें तें सव्वाएकशें तेरावर नेऊन ठेवलें.

रेखांश चुकला तर त्यांत टॉलेमीला फारसा दोष नाहीं. तो मिळविण्यास दोन ठिकाणचा एकाच क्षणाचा वेळ लागतो. सूर्यसिद्धान्तानें लंका, अवंती, कुरुक्षेत्र ह्यांवरून जाणारी मध्यरेषा धरून चंद्रग्रहणाच्या वेळेवरून देशांतर काढावयास सांगितलें आहे. पण आमच्या ज्योतिष्यांनाहि तें कधीं सुखानें साधलें असें दिसत नाहीं. अक्षांशाची गोष्ट मात्र निराळी. त्याला बारा अंगुळांचा शंकु, सपाट जमीन आणि विषुवदिनाची दोनप्रहर एवढेंच पुरतें. त्या वेळीं पडणारी सावली ती पलभा, आणि पलभेवरून अक्षांश लागलीच निघतो.

ह्या पलभेनें टॉलेमीची परीक्षा घेण्याजोगी आहे. भडोचचा खरा अक्षांश २१ अंश ४२ कला. तेथील पलभा पावणेपांच अंगुळांहून किंचित् जास्त. पैठण १९ अंश २९ कलांवर, पलभा सव्वाचार. तेर १८ अंश १९ कलांवर. पलभा जवळ जवळ चार. टॉलेमीनें भडोचेस दिलेल्या १७ अंश २० कलांची पलभा येते पावणेचार. म्हणजे भडोचच्या बंदरांत एखाद्या खलाशानें काठी रोवून सावली मोजली असती, तरी टॉलेमीच्या आंकड्यांत व तिच्यांत सबंध एका अंगुळाचें अंतर पडलें असतें. एवढी चूक कोणाच्याहि नजरेंतून सुटण्यासारखी नव्हे. तेव्हां अनुमान एकच : भडोचचा अक्षांश वेधानें काढलेलाच नाहीं, तो मजला मोजून, किनाऱ्याची ओढाताण करून बसविलेला आहे. भडोचसारख्या ज्या बंदरांत ग्रीक जहाजें वर्षानुवर्षें येत, त्याची ही स्थिति. मग जेथें ग्रीक माणूस क्वचितच गेला त्या तगराच्या ‘एकोणीस अंश वीस कलां’ना किती किंमत द्यावी?

आतां ह्या आंकड्यांनीं दिशांचें काय केलें तें पहा. टॉलेमीच्या यादीप्रमाणें पैठणचा अक्षांश भडोचच्या अक्षांशाहून मोठा, म्हणजे पैठण भडोचच्या उत्तरेकडे जातें! पेरिप्लसनें दक्षिणेस सांगितलेलें आणि वस्तुतः आग्नेयेस असलेलें गांव टॉलेमीच्या नकाशांत पूर्व-ईशान्येस पडतें. याचें कारण सर्वश्रुत आहे : आपला पश्चिम किनारा दक्षिणोत्तर न धरतां त्यानें तो जवळ जवळ पूर्व-पश्चिम पसरविला, त्यामुळें द्वीपकल्पाचें टोंकच नाहींसें झालें. किनारा फिरला तशीं किनाऱ्यालगतचीं गांवेंहि फिरलीं.

येथें एखाद्या चतुर संशोधकाच्या मनांत येईल कीं, नकाशा जितका फिरला आहे तितकाच उलट फिरवावा, म्हणजे तगर आपोआप जागेवर येईल. ही युक्ति आम्हीहि करून पाहिली. उत्तरेपासून पूर्वेकडे मोजल्यास भडोचहून उज्जयिनीची खरी दिशा सुमारें ६० अंश, टॉलेमीची ५३. फरक अवघा सात अंशांचा. नाशिकची खरी दिशा १५६, टॉलेमीची ११५, फरक एकेचाळीस. पैठणची खरी १३५ च्या आंत-बाहेर, टॉलेमीची ७७, फरक अठ्ठावन्न. उज्जयिनी जवळ जवळ आपल्या जागीं राहते, नाशिक-पैठण मात्र गरगर फिरतात. जी चूक प्रत्येक ठिकाणीं वेगळी, ती एका मापानें दुरुस्त होत नाहीं. तरीहि हट्टानें पैठणचेच अठ्ठावन्न अंश तगराला लावले, तर पैठणहून तगराची टॉलेमीय दिशा, जी ३९ अंश म्हणजे ईशान्य येते, ती ९७ अंश म्हणजे सरळ पूर्व होते. पेरिप्लसशीं ती तंतोतंत जुळते, आणि तेरशीं मुळींच जुळत नाहीं! कारण पैठणहून तेरची खरी दिशा १४८ अंश, म्हणजे आग्नेयेच्याहि पलीकडे दक्षिणेस झुकलेली आहे. टॉलेमीच्या आधारानें तेर सिद्ध होतें असें म्हणणारांनीं ह्या आंकड्यांकडे लक्ष द्यावें.

ह्यापुढें एक अडचणीची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. पैठणहून पूर्वेस, गोदावरीच्या कांठाकांठानें, सुमारें १२८ मैलांवर नांदेड आहे. दिशा शंभर अंश, म्हणजे जवळ जवळ पूर्व. दहा दिवसांनीं भागलें तर रोजची मजल पावणेतेरा मैल येते, जी बैलगाडीस अशक्य नाहीं. केवळ ग्रीक लेखकांची दिशा व मजल एवढींच प्रमाणें धरून कोणी नांदेडचा पक्ष घेतला असता, तर त्यास गप्प करणें सोपें नव्हतें. आमच्या मतें नांदेड हें तगर नव्हे. पण तें कां नव्हे याचें उत्तर अंशांत नाहीं.

मजलांचा जबाब मात्र अंशांहून अधिक विश्वासाचा आहे, असें आम्हांस वाटतें. गाडीवानाला अक्षांश ठाऊक नसतो, दिशाहि तो ढोबळच सांगतो. पण किती मुक्काम पडले हें तो विसरत नाहीं, कारण प्रत्येक मुक्कामाला त्याच्या पदरचा दाणावैरणीचा खर्च असतो. रोजची मजल किती मैलांची ह्याविषयीं वाद संभवतो. म्हणून मैलांच्या भानगडींत न पडतां दोन टप्प्यांचें प्रमाण तेवढें घ्यावें. पेरिप्लसप्रमाणें भडोच-पैठण हें पैठण-तगराच्या दुप्पट. भडोच-पैठण सरळ रेषेंत सुमारें २१८ मैल. पैठण-तेर ९५ मैल, प्रमाण २.३. पैठण-दौलताबाद अवघे ३३ मैल. प्रमाण साडेसहाच्या वर. तेथें दहा दिवस लागावयाचे तर बैल वाटेंत निजले असें समजावें लागेल. गुलबर्गा १७६ मैल, कोल्हापूर २०६. प्रमाण सव्वा आणि एक. हीं तिन्हीं स्थळें येथेंच गळालीं. बीड जिल्ह्यांतील धारूर घेतल्यास ६६ मैल व प्रमाण ३.३, हें संशयित. नांदेडचें प्रमाण १.७, तें टिकतें. आणि गंमत अशी कीं जुन्नरहि टिकतें! पैठणहून तें शंभर मैल, प्रमाण २.२, मात्र तें बरोबर उलट्या बाजूस, पश्चिमेस आहे. दिशेचें प्रमाण कितीहि ढिलें मानलें तरी उगवतीची मावळती होत नाहीं. पंडित भगवानलालजींनीं तगर हें नांव ‘त्रिगिरि’पासून काढून जुन्नरच्या डोंगरांशीं त्याची सांगड घातली, ती त्यांच्या विद्वत्तेला साजेशी असली तरी ह्या एका आक्षेपापुढें ती टिकत नाहीं.

टॉलेमीच्या आंकड्यांतूनहि असें प्रमाण काढतां येतें. बैठणचा १८ अंश १० कला हा पाठ धरला तर तें २.४ येतें, म्हणजे तेरच्या अगदीं जवळ. हें पाहून आम्हांस क्षणभर आनंद झाला. ‘टॉलेमीनें दिशा हरविल्या, पण अंतरें राखलीं’ असें वाक्यहि आम्हीं लिहून टाकलें होतें. पण कसोटी आधीं ज्ञात स्थळावर लावून पाहावी म्हणून नाशिक घेतलें, तेव्हां ती साफ फसली. भडोच-नाशिक हें अंतर भडोच-पैठणच्या सुमारें तीन-पंचमांश असावयास हवें. टॉलेमीच्या आंकड्यांत तें एक-पंचमांशाच्या आसपास येतें. नाशिक त्यानें भडोचच्या उंबऱ्यावर आणून ठेवलें आहे. शिवाय बैठणचा दुसरा पाठ घेतला तर तगराचेंहि प्रमाण तीनावर जातें, म्हणजे तेर सोडून धारूराकडे झुकतें. तेव्हां तें वाक्य खोडावें लागलें. भडोच-पैठण-तगर ही वाहती वाट होती, तिच्या मजला टॉलेमीच्या कानीं आल्या असतील, एवढें म्हणावें. त्यापलीकडे त्याच्या अंतरांवरहि भिस्त ठेवतां येत नाहीं.

राहिली पेरिप्लसची दिशा. तिच्यांतहि एक बारकावा आहे. ग्रंथकार भडोचेस बसून लिहीत होता. पैठण खरोखर आग्नेयेस असतां त्यानें ‘दक्षिणेस’ म्हटलें; म्हणजे चारच दिशांनीं काम भागविण्याची त्याची रीत दिसते. अशा स्थितींत दुसऱ्या टप्प्याची ‘पूर्व’ एकटी न घेतां दोन्ही टप्पे एकत्र करून भडोचहून तगराची दिशा काय निघते तें पाहावें. वीस दक्षिणेस व दहा पूर्वेस गेल्यावर भडोचहून दिशा १५३ अंश येते. भडोचहून तेर प्रत्यक्षांत १३९ अंशांवर आहे. नांदेड १२२ अंशांवर. चौदा अंशांची चूक एकतीस अंशांच्या चुकीपेक्षां बरी, एवढाच ह्या हिशेबाचा अर्थ. तेर त्यानें सिद्ध होत नाहीं; पण नांदेडची जी आघाडी दिसत होती ती नाहींशी होते.

मग तेर सिद्ध होतें तें कशानें? प्रथम नांवानें. डॉ. फ्लीट यांचें खरें बळ येथें आहे. महाराष्ट्री प्राकृतांत दोन स्वरांमधील गकार लोपतो व त्याच्या जागीं यकार येतो. नगराचें नयर व त्याचें नेर झालें, तें पारनेर, संगमनेर, अमळनेर ह्या नांवांत आपण रोज उच्चारतों. तगराचें तयर व त्याचें तेर होणें ही त्याच सांच्यांतली घडण आहे. देवगिरि, धारूर, गुलबर्गा ह्यांपैकीं एकाहि नांवाला ती लागू पडत नाहीं. दुसरें प्रमाण व्यापारी वाटेचें. पूर्वकिनाऱ्यावरून निघून हैदराबादेच्या बाजूनें तेर, तेथून पैठण, दौलताबाद व पुढें घाट उतरून भडोच, असा माल वाहण्याचा जुना मार्ग फ्लीट यांनीं दाखविला. पेरिप्लसमध्यें तगरास ‘समुद्रकांठचा माल’ येतो असें म्हटलें आहे, त्याचा उलगडा ह्या मार्गानें होतो. पश्चिम समुद्राचा माल उलट पावलीं तगरास नेऊन पुन्हां भडोचेस आणावा, हें कोणताहि व्यापारी करणार नाहीं. तो माल पूर्वसमुद्राचाच असला पाहिजे.

तिसरें प्रमाण कुदळीचें, आणि तें फ्लीट यांच्या हातीं त्या वेळीं नव्हतें. त्यांच्या निबंधानंतर लवकरच कझिन्स यांनीं तेरची पाहणी केली व तेथील त्रिविक्रमाच्या देवळाचा विटांचा, पाठीमागें अर्धवर्तुळाकार असलेला गाभा मुळांत बौद्ध चैत्याच्या घडणीचा असल्याचें निदर्शनास आणलें. पुढें इ. स. १९५८ मध्यें चापेकर यांनीं तेथें उत्खनन केलें. तेरणेच्या कांठच्या पांढरींतून सातवाहनांचीं नाणीं व पांढऱ्या मातीच्या मूर्ति निघाल्या आहेत. रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेले पदकहि मिळाले आहेत. गांवचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर वेंचून जमविलेला संग्रह आज तेथील वस्तुसंग्रहालयांत आहे; त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहतांना इटलींतील पाँपेई येथें सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. ज्या गांवाला महाराष्ट्र गोरोबाकाकांचें गांव म्हणून ओळखतो, तेथल्या मातींतून कुंभाराच्या हातच्या इतक्या जुन्या वस्तु निघाव्या हा योगहि मोठा गोड आहे. अर्थात् तो पुरावा नव्हे.

डॉ. फ्लीट यांच्या निबंधाविषयीं आमचा अभिप्राय ह्यावरून स्पष्ट व्हावा. स्वतःचें पूर्वींचें कोल्हापूरचें मत सोडून देण्याचा जो प्रांजळपणा त्यांनीं दाखविला, तो आमच्याकडील वादांत क्वचित् आढळतो. त्यांचें व्युत्पत्तीचें व मार्गाचें प्रमाण आजहि अभेद्य आहे. उणीव आहे ती त्यांच्या मागून आलेल्या लेखकांत. निर्णय एकदां मान्य झाल्यावर त्यांनीं पेरिप्लसची दिशा, टॉलेमीचे अंश व मैलांचा हिशेब हीं तिन्हीं ‘जुळतात’ असें एका वाक्यांत सांगून टाकलें. मैल जुळतात; दिशा ओढून आणावी लागते; अंश जुळत नाहींत. टॉलेमीनें ओझीनी ही टिआस्तेनीसची, म्हणजे चष्टनाची, व बैठण ही सिरो पोलेमिओसची, म्हणजे श्रीपुळुमावीची राजधानी असल्याचें सांगितलें आहे, तें मात्र बिनचूक आहे आणि सातवाहनांच्या कालनिर्णयास अमोल आहे. कोण कोठें राज्य करतो ह्याची त्याची बातमी ताजी होती. तें ‘कोठें’ भूमीवर कोणत्या जागीं आहे ह्याची बातमी मात्र उसनी होती. एका ओळींतील नांव खरें निघालें म्हणून तिच्या शेजारचा आंकडाहि खरा, असें मानूं नये.

ह्या संबंधांत आधुनिक नकाशांचीहि एक गोष्ट सांगून ठेवतों. जुन्या गॅझेटिअरांत व त्रिकोणमितीय मोजणीच्या जुन्या पत्रकांत दिलेले रेखांश मद्रासच्या वेधशाळेच्या रेखांशावर आधारलेले आहेत. तो रेखांश पुढें तारायंत्राच्या साह्यानें पुन्हां ठरविला गेला तेव्हां पूर्वींचा आंकडा सुमारें अडीच कलांनीं अधिक असल्याचें आढळलें. तेरच्या अक्षांशावर हें अंतर पावणेतीन मैलांच्या जवळपास जातें. ज्या काळीं शास्त्रशुद्ध यंत्रें व शिकलेले मोजणीदार होते त्या काळाचाहि रेखांश असा सरकतो. एखाद्या पांढरीची जागा जुन्या गॅझेटिअरवरून उतरून घेऊन ती आजच्या नकाशावर मांडली, आणि पांढर सांपडली नाहीं म्हणून कोणी निराश झाला, तर त्यानें प्रथम पश्चिमेस पावणेतीन मैल चालून पाहावें.

टॉलेमीच्या यादींत बैठणच्या आसपास देओपालि, गमलिब, ओमेनोगर हीं नांवें आहेत. अंशांवरून त्यांचा माग काढूं पाहणारानें आधीं नाशिकचा आंकडा समोर ठेवावा, आणि तो ज्या रीतीनें जागेवर येत नाहीं त्याच रीतीनें हीं गांवें जागेवर कशीं आणलीं, एवढें सांगावें.